पेजरला एवढं पण हसू नका
नव्वदच्या दशकातल्या फसलेल्या वस्तूंची जी यादी तुम्ही लिहिलीत, तिच्यात पेजरला (म्हणजे नुसते आलेले छोटे मेसेज दाखवणारी डबी, तिच्यावरून बोलता यायचं नाही) दोन ओळीत उडवलंय ते काय पटलं नाही बुवा. आपल्याकडे पेजर आला १९९५ च्या सुमारास, मोबाईलही त्याच वर्षी आला पण तेव्हा मोबाईलवर बोलायचं म्हणजे मिनिटाला १६ रुपयांपर्यंत आणि वर आलेल्या कॉलचे पण पैसे, कुणाला परवडणार?? आमचा काका एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) होता, पट्ट्याला ती काळी डबी अडकवून असा मिरवायचा की विचारू नका. आणि ती वाजली की उलट फोन करायला पळा पीसीओ (पैसे देऊन फोन करायचा बूथ) शोधायला, तिथे लाइन, सुट्टे नाहीत, हे सगळं आलंच. मेसेज पण आधी ऑपरेटरला तोंडी सांगायचा मग तो टाइप करणार, त्यामुळे काकूला "लवकर या, पाहुणे आलेत" एवढंच कळवता यायचं, भांडायची सोयच नाही 😄 पुढे मोबाईलचे दर पडले, एसएमएस आला, २००३ ला इनकमिंग फुकट झालं तोवर पेजरचा कारभार आटोपलाच होता. पण एका पेन्सिल सेलवर आठवडेच्या आठवडे चालायचा हो तो, त्याचं काहीच नाही लिहिलं तुम्ही!