३८ पट कमी वीज? आत्या, तो बल्ब परत लाव

‘पेरोव्हस्काइट बल्ब ३८ पट कमी वीज खातो, ३०,००० तास टिकतो, नैसर्गिक खनिजापासून बनतो, विषमुक्त आहे.’ हा फॉरवर्ड मी दोनदा सोडून दिला. काल आत्याकडे गेलो, तर देवघरातला चांगला चालणारा ९ वॅटचा एलईडी काढून वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि ‘नव्या बल्बां’साठी कुणाला तरी आगाऊ पैसे द्यायची तयारी. मग बसलोच लिहायला.

आधी ते ३८. २०१४ मध्ये केंब्रिजच्या गटाने दाखवलेल्या पेरोव्हस्काइट (एका प्रकारच्या स्फटिकी पदार्थाच्या) एलईडीची कार्यक्षमता होती ०.७६ टक्के. २०२२ मध्ये सोलच्या ते-वू ली यांच्या गटाने ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत २८.९ टक्के नोंदवली. करा भागाकार. म्हणजे हा दिवा आपल्याच जुन्या अवताराच्या ३८ पट सरस, तुमच्या बल्बच्या नव्हे! रांगणारं पोर धावायला लागलं म्हणून एसटीला मागे टाकत नाही. त्यात तो ०.७६ वाला उजेड अवरक्त, डोळ्यांना जवळपास न दिसणारा.

बरं, धरू खरं. ९ वॅटचे ३८ भाग केले की उरतो पाव वॅटहून कमी. त्यातली सगळी वीज डोळ्यांना सर्वांत तेजस्वी भासणाऱ्या हिरव्या प्रकाशात बदलली, तरी वॅटला ६८३ ल्युमेनच्या (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) वर निसर्ग देत नाही. झाले सुमारे १६०. आत्याचा बल्ब ९०० च्या आसपास देतो. पोथीतलं अक्षर दिसेल का?

आणि २८.९ म्हणजे काय? १०० इलेक्ट्रॉन आत सोडले तर साधारण २९ प्रकाशकण बाहेर पडतात. बराचसा उजेड थरांतच अडकून राहतो. नेहमीच्या एलईडी बल्बमधली, उजेड देणारी निळी चिप यात निम्म्याच्या कितीतरी पुढे आहे.

३०,००० तास त्याच शोधनिबंधात आहेत, मान्य. पण तो अंदाज आहे, तोही मोबाइलच्या मंद स्क्रीनइतक्या उजेडाला. त्याहून दहापट, १,००० कँडेला प्रति चौरस मीटर (पृष्ठभागाच्या तेजाचं माप) उजेडाला तेज ५२० तासांत निम्मं झालं.

खनिज? नाव तेवढं रशियातल्या उरल पर्वतातल्या खनिजाचं. दिव्यातला पदार्थ प्रयोगशाळेत घडवलेला, आणि त्यात शिसं आहे. विषमुक्त म्हणे!

संशोधन मात्र अस्सल आहे. स्फटिकांचे नॅनोकण करून त्यांच्या पृष्ठभागावरचे दोष बुजवले, म्हणून ही झेप. रंग इतके शुद्ध की उद्या टीव्हीत दिसतीलही.

आत्या, त्या विक्रेत्याला एवढंच विचार: विक्रमी दिवा तर हिरवा होता, तुमचा पांढरा कसा?