रविवारचा लाँग रन हळूच पळायचा असतो

गेल्या रविवारी पुण्याजवळच्या डोणज्याच्या रस्त्यावर एका मुलाने मला विचारलं, "काकू, तुम्ही एवढं हळू का पळता? अशाने टाइम कसा येणार?" पंचविशीतला असेल. त्यात चेष्टा नव्हती, खरंच पडलेला प्रश्न होता. तो धापा टाकत होता, म्हणून मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण आठवडाभर तो प्रश्न मनातून जात नाहीये. मुंबई मॅरेथॉनला अकरा आठवडे उरलेत, आणि आजूबाजूला सगळे तीच चूक करताना दिसतायत जी मी केली होती: लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सगळ्यात लांब धाव, शर्यतीच्या वेगाने पळायची.

माझ्या पहिल्या फुल मॅरेथॉनच्या (42 किलोमीटर) वर्षी मी जवळजवळ दर पंधरा दिवसांनी कुठली ना कुठली हाफ (21 किलोमीटर) पळत होते. मेडल मिळायचं, फोटो यायचे, टाइम सुधारायचा. सरावातला सगळ्यात लांब रन झाला 24 किलोमीटर, तोही जवळपास शर्यतीच्या वेगाने. मुंबईत तिसाव्या किलोमीटरपर्यंत मी 6:20 च्या पेसने, म्हणजे किलोमीटरला 6 मिनिटं 20 सेकंद या वेगाने, मजेत होते. त्यानंतर पाय बंद. दम लागला नव्हता, श्वास अगदी व्यवस्थित होता, पण मांड्या दगडासारख्या झाल्या. परतीचा पेडर रोडचा चढ मी दुभाजकाच्या कडेने चालत चढले. कडेला उभ्या असलेल्या एका आजींनी संत्र्याची फोड हातात ठेवली, तेव्हा मला रडू आलं. शेवटचे बारा किलोमीटर पार करायला दोन तास लागले. एकूण 5 तास 12 मिनिटं.

वेगाने पळताना शरीर मुख्यतः स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेवर, म्हणजे ग्लायकोजेनवर चालतं. हा साठा मर्यादित असतो. बहुतेकांना तिसाव्या किलोमीटरच्या पुढे 'भिंत' लागते, म्हणजे पाय अचानक बंद पडतात, ते हा साठा संपत आल्यामुळेच. हळू आणि खूप वेळ पळालं की शरीर चरबी जास्त वापरायला शिकतं. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात. हे काम महिनोन् महिने चालतं. आणखी एक गोष्ट फार कमी लोक लक्षात घेतात. हृदय आणि फुप्फुसं लवकर तयार होतात, हाडं आणि स्नायुबंध मात्र बरेच मागे राहतात. म्हणून दम टिकतो आणि नडगी दुखायला लागते. लाँग रनला वेग लावला की नेमका या मागे राहिलेल्या भागावरच भार येतो, आणि मंगळवार-बुधवारचा सराव बुडतो तो वेगळाच.

हे काही आजचं फॅड नाही. न्यूझीलंडचे धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात काम करायचे. त्यांनी आधी स्वतःवर प्रयोग केले आणि मग आपल्याकडे शिकणाऱ्या मुलांना ऑकलंडजवळच्या वायाटारुआच्या डोंगररस्त्यावर दर रविवारी 35 किलोमीटर पळायला लावलं. त्यात पीटर स्नेलही होता, म्हणजे 800 मीटर पळणारा! दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी 35 किलोमीटर. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने 800 मीटरचं आणि मरे हॅलबर्गने 5000 मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं. बॅरी मगीला मॅरेथॉनचं कांस्य मिळालं. एकाच रस्त्यावर घडलेली ही मुलं.

आता माझा हिशोब. माझा मॅरेथॉनचा पेस 6:40, तर लाँग रन 7:30 ने. शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी. साडेतीन तास झाले की थांबायचं. माझे त्यात 28 किलोमीटर होतात आणि तेवढे पुरतात. माझ्या वेगाच्या माणसाने 35 चा हट्ट धरला तर फायद्यापेक्षा दुखापत जवळची. दुसऱ्या वर्षी असे पाच रन केले, मधल्या काळात एकही हाफ पळले नाही, आणि मुंबई 4 तास 41 मिनिटांत संपवली. पेडर रोड पळत चढले.

पोटाचा सरावही याच दिवशी होतो. मला एनर्जी जेल (पळताना खायची साखरेची घट्ट पेस्ट) सोसत नाही, हे मला पानशेत रस्त्यावर कळलं, शर्यतीत नाही. तेव्हापासून दर आठ किलोमीटरला अर्धा राजगिऱ्याचा लाडू आणि मीठ-साखर-लिंबाचं पाणी. लाडू तोंडात कोरडा पडतो, म्हणून आधी पाण्याचा घोट घ्यायचा, मग लाडू. अशा बारीकसारीक गोष्टी पळतानाच कळतात.

आणि एक गोष्ट मला मनापासून खुपते. पहाटे साडेचारला सगळे एकत्र निघतात, फोटो काढतात आणि खडकवासल्याच्या धरणापर्यंत पोचायच्या आत अर्धे लोक दिसेनासे होतात. स्ट्रावावर, म्हणजे धाव नोंदवायच्या अ‍ॅपवर, पेस चांगला दिसायला हवा ना! मागे उरतो आम्ही दोघी-तिघी, अंधार आणि डोणज्याची कुत्री. माझ्याबरोबर येणारी एक मैत्रीण त्यामुळेच यायची बंद झाली. घरून परवानगी नाही असं ती सांगते, पण मला माहितीये, तिला भीती वाटते. हळू पळणारा गट एकत्र राहिला असता तर ती आज डिसेंबरच्या 28 किलोमीटरच्या रनची तयारी करत असती. टेंपो, इंटरव्हल असे वेगाचे सराव जरूर करा, मीही करते, पण ते आठवड्यात, ट्रॅकवर.

येत्या रविवारी पहाटे साडेचारला मी धायरी फाट्याच्या पुलाखाली असेन. 24 किलोमीटर, पेस साडेसात, कुणालाही मागे सोडणार नाही. त्या मैत्रिणीला घ्यायला मी तिच्या दारात जाणार आहे. आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलापर्यंत ही पोस्ट पोचली, तर बाळा, तूही ये. लाडू जास्तीचे आणते.