हिरव्या ठिपक्याविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

निघून गेलेला सहकारी बराच वेळ 'ऑनलाइन' दिसतो, कामात असलेला मधूनच 'ऑफलाइन' होतो, त्यामुळे जागेवर कोण आहे हे आमच्या ॲपवरून ताडणे व्यर्थ आहे, असे आपण लिहिले आहे. यातला दुसरा दोष निखालस आमचा होता. एकच व्यक्ती दोन टॅबमध्ये, किंवा संगणक आणि मोबाइल या दोन्हींवर, लॉग-इन असली तरी तिची नोंद आम्ही एकच ठेवत होतो. साहजिकच एक टॅब मिटला की 'ऑनलाइन' दाखवणारा हिरवा ठिपका मावळत असे. आता प्रत्येक कनेक्शनची वेगळी नोंद होते आणि शेवटचे तुटल्यावरच व्यक्ती ऑफलाइन ठरते. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

पहिल्या तक्रारीचे मूळ अधिक खोल आहे. टॅब रीतसर बंद केला तर वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत उघडे राहणारे कनेक्शन) बंद झाल्याचे सर्व्हरला लगेच कळते, परंतु लॅपटॉपचे झाकण मिटले किंवा नेटवर्क अचानक गेले तर कसलाच निरोप येत नाही आणि मेलेले कनेक्शन सर्व्हरला जिवंतच वाटत राहते. म्हणून आम्ही दर ३० सेकंदांनी पिंग (कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणारा छोटा संदेश) पाठवतो आणि ९० सेकंद उत्तर आले नाही तर कनेक्शन संपले असे मानतो. पूर्वी ही मुदत ५ मिनिटे होती, ती अकारण लांब होती. ९० सेकंदांहूनही ती कमी केली, तर मोबाइल वायफायवरून डेटावर जाताना पडणाऱ्या क्षणिक खंडानेही ठिपका लुकलुकू लागेल. पिंग सर्व्हरकडूनच जातो, कारण पानातल्या स्क्रिप्टवर (पानासोबत ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामवर) विसंबता येत नाही: ५ मिनिटांहून अधिक काळ आड राहिलेल्या टॅबमधले टायमर क्रोम मिनिटाला एकदाच चालवू शकते.

मात्र पिंगला उत्तर ब्राउझर परस्पर देतो, समोर माणूस असो वा नसो. तेव्हा 'ऑनलाइन' हा शब्द वापरून आम्ही वाजवीपेक्षा जास्त सुचवले होते, हे मान्य करतो. यापुढे भरीव ठिपका म्हणजे गेल्या ५ मिनिटांत कळफलक किंवा माउस वापरला गेला आहे आणि पोकळ ठिपका म्हणजे केवळ कनेक्शन चालू आहे. कागदावर विचार करत बसलेला सहकारीही पोकळच दिसेल, म्हणून हजेरीसाठी हा ठिपका वापरू नये, अशी विनंती आहे.

नव्या आवृत्तीतही चुकीची स्थिती दिसली, तर ॲपमधील 'मदत' विभागात वेळ आणि ब्राउझर कळवावा. त्या वेळच्या कनेक्शनच्या नोंदी आम्ही तपासू.