गर्भपिशवीचा टाका आणि पलंगाची सक्ती

नागपुरातल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतो आहे: गर्भपिशवीचे तोंड सैल असेल तर टाका घालणे हे परदेशी खूळ आहे, त्याने सिझेरियन अटळ होते, आतून केलेल्या सोनोग्राफीने गर्भ पडतो, म्हणून पलंगाचा पायथा उंच करून दिवस भरेपर्यंत पडून राहावे.

खूळ परदेशी तर नाहीच. मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली ही शस्त्रक्रिया मांडली आणि ती आजही जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. टाका घालण्याची डॉ. मॅक्डॉनल्ड यांची सोपी पद्धत त्यानंतर, १९५७ साली आली.

योनीमार्गे घातलेला टाका साधारणपणे ३६ ते ३७ आठवड्यांना काढतात आणि पुढे नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. सिझेरियन लागते ते पोटातून घातलेल्या टाक्याला, जो क्वचितच घालावा लागतो.

आतल्या सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे तपासणीची दांडी, योनीतच राहतो, गर्भाशयाच्या तोंडात शिरत नाही. हे तोंड बहुधा कळांशिवायच उघडत जाते, त्यामुळे दुखेपर्यंत थांबणाऱ्या बाईच्या हातून वेळ निघून जाते. या सोनोग्राफीत २४ आठवड्यांपूर्वी तोंडाची लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर उपाययोजनेला अजून वाव असतो.

सर्वांत घातक सल्ला झोपून राहण्याचा आहे, कारण तो मायेने दिला जातो. उभे राहिल्याने भार खाली येतो हे मनाला पटते खरे, पण सक्तीच्या विश्रांतीने अकाली प्रसूती टळते असे अभ्यासांत दिसलेले नाही. उलट पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, स्नायू आणि हाडे क्षीण होतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात शरीरातले पाणी कमी झाले तर गुठळीची भीती आणखी वाढते. शिवाय एवढे करूनही मूल गेले, तर दोष ‘उठली असेल’ म्हणून तिच्याच माथी येतो.

टाका सरसकट सर्वांना नको, एवढे मात्र खरे. पूर्वी दुसऱ्या तिमाहीत कळांविना गर्भ गेले असतील तर तो १२ ते १४ आठवड्यांना घालतात. पूर्वी अकाली प्रसूती झालेली असून आता तोंड आखूड भरले, तरीही त्याचा विचार होतो. असा इतिहास नसताना केवळ तोंड आखूड असेल, तर आधी योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक देतात. जुळ्यांमध्ये सरसकट टाक्याचा लाभ दिसलेला नाही, आणि रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा गर्भजल गेलेले असताना तो घालत नाहीत. ओटीपोटात दाब जाणवला, स्राव वाढला किंवा डाग दिसला, तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांकडे, नाहीतर नागपुरातल्या डागा स्त्री रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) जावे.