‘फुकट दिलं की प्रकाशक बुडाला’: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

प्राध्यापकांच्या आणि पुस्तकविक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा गोषवारा असा: मुक्त परवान्याने (प्रत काढायला, वाटायला, बदलायला सगळ्यांना आधीच परवानगी देऊन) पाठ्यपुस्तक काढणं म्हणजे लेखकाने आपल्या हक्कावर पाणी सोडणं, बालभारतीच्या पीडीएफ फुकट मिळतातच, मग परवान्याचं हे नवं खूळ कशाला, असं पुस्तक कुणीही छापून विकेल आणि मूळ प्रकाशक बुडेल, अमेरिकेत हे फसलंय, आणि फुकटच्या मालाला दर्जा नसतो. शेवटी पुस्ती, की सोलापूरसारख्या गावात तर हे चालणारच नाही. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. त्यावर जास्त बोलायला हवं, बाकीचे आधी उरकू.

‘लेखक हक्क सोडतो’

नाही. हक्क सोडायचाच असेल तर कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये कलम २१ आहे. कॉपीराइट रजिस्ट्रारला कळवून किंवा जाहीर सूचना देऊन तो सोडता येतो. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने तयार केलेला मुक्त परवाना दिल्याने मालकी जिथल्या तिथे राहते, फक्त काही वापरांना सगळ्यांना आधीच परवानगी मिळते. अट मोडली, उदाहरणार्थ लेखकाचं नाव उडवलं, की परवाना संपतो आणि उरतो तो साधा कॉपीराइटभंग.

‘भारतात हे परवाने लागू नाहीत’ असंही कुणीतरी जोडून देतं. आपल्या कायद्यात करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतात, हे खरं. पण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० या आवृत्तीच्या परवान्यात जगभर आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीपर्यंत असं लिहिलेलंच आहे. लेखकाने विचार करावा असा मुद्दा वेगळाच: एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. पुढची आवृत्ती बंद ठेवता येईल, पण आधीची ज्याच्या हाती पडली त्याचा हक्क कायम राहतो.

‘पीडीएफ तर फुकट मिळतेच’

मिळते, वाचायला. बालभारतीच्या पुस्तकांचे हक्क मंडळाकडे राखीव आहेत. शिक्षकाने शिकवण्याच्या ओघात मजकुराच्या प्रती काढण्याला कलम ५२ मध्ये सवलत आहे; दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स प्रकरणात (विद्यार्थ्यांसाठीच्या झेरॉक्स संचांवरून प्रकाशकांनी केलेला दावा) २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिचा बराच मोकळा अर्थ लावला. पण त्या सवलतीवर पुस्तक सुधारून, भाषांतर करून प्रसिद्ध करता येत नाही. आणि सोलापुरात नेमकी त्याचीच गरज पडते. पूर्व भागातल्या मुलांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शिवाय उर्दू शाळा आहेतच. विज्ञानाच्या धड्यात तेलुगू शब्दसूची घालून, उदाहरणात यंत्रमाग आणून तो छापून वाटायचा तर आधी परवानगीचा अर्ज करा. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय (अट एकच, कर्त्याचं नाव द्या) किंवा बाय-एसए (नाव द्या आणि बदललेली प्रतही याच परवान्याने द्या) परवान्याच्या पुस्तकाला तो अर्ज लागत नाही. एनसीईआरटीच्या एनआरओईआर या शैक्षणिक साहित्याच्या ऑनलाइन साठ्याने बाय-एसए निवडला, तो उगाच नाही.

मात्र नुसता परवाना छापून भागत नाही, आणि या अडचणीबद्दल फिरता मजकूर अवाक्षर काढत नाही. आपल्याकडची बरीच डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी) अजून युनिकोडपूर्व फाँटात होते; युनिकोड म्हणजे अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी प्रमाण पद्धत. अशा फाइलमधली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, रफार अक्षराच्या नंतर, आणि अर्धी अक्षरं स्वतंत्र खुणा म्हणून. कन्व्हर्टरमधून काढलं की ‘वर्षिक’ की ‘वार्षिक’ हे हाताने तपासावं लागतं. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या, ‘द्ध’ आणि ‘द्व’ सगळ्यात जास्त मोडतात. म्हणून टाइपसेटिंगच्या ऑर्डरमध्येच तीन गोष्टी लिहून घ्या: मजकूर पहिल्यापासून युनिकोडमध्ये; फाँट मुक्त परवान्याचा (उदाहरणार्थ ‘मुक्त’ नावाचा फाँट किंवा ‘नोटो सेरिफ देवनागरी’); आणि काम संपल्यावर पीडीएफसोबत मूळ फाइल, आकृत्यांच्या बदलता येतील अशा फाइल आणि वापरलेले फाँट एका फोल्डरमध्ये. ही अट नसेल तर परवाना मुक्त आणि पुस्तक कुलूपबंद.

दुसरं, चित्रं. इंटरनेटवरून उचललेला एक फोटो राहिला तरी ‘संपूर्ण पुस्तक बाय-एसए’ हे विधान खोटं ठरतं. प्रत्येक चित्राची ओळ पहिल्या दिवसापासून तक्त्यात भरत जा: नाव, कर्ता, कुठून घेतलं, परवाना, काय बदल केला. शेवटच्या आठवड्यात हा तक्ता कुणीही नीट भरत नाही.

‘कुणीही छापेल, मूळ प्रकाशक बुडेल’

हाच तो अर्धा खरा मुद्दा. गणित मांडू. दर उदाहरणापुरते धरले आहेत, तुमच्या छापखान्याचे घालून पाहा.

बी.कॉम.च्या सांख्यिकीचं पुस्तक धरा. डेमी १/८ आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), २०८ पानं, म्हणजे १६ पानी १३ फॉर्म (फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं), एक रंग, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद. आतल्या पानांचं वजन साधारण २२० ग्रॅम भरतं. वाया जाणारा धरून २३५. कागद किलोला ८० रुपये धरला तर १९ रुपये. छपाईच्या प्लेटा २६ (फॉर्ममागे दोन), तीनशेच्या दराने ७,८००. हजार प्रतींवर प्रतीमागे ८ रुपये, पण दोनशेच प्रती काढल्या तर ३९. छपाई, लॅमिनेशनचं कव्हर आणि बांधणी प्रत्येकी ६. हजाराच्या ऑर्डरला प्रत ४५ रुपयांत पडते. (पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून कागदावर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही, कागदाचा दर करासह धरा.)

नेहमीच्या पद्धतीत या पुस्तकाची किंमत १८० ठेवतात. विक्रेता-वितरकाचं ४० टक्के कमिशन ७२, लेखकाचं १० टक्के मानधन १८, उत्पादन ४५, उरले ४५. त्यातून संपादन, ऑफिस, उधारी आणि परत आलेले गठ्ठे भागवायचे. आता झेरॉक्स काढणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशेब बघा. ए-४ च्या एका बाजूला दोन पानं, १०४ बाजू एक रुपयाने, वर ३० चं स्पायरल: १३४ रुपये. म्हणजे बंद हक्काचं पुस्तकही झेरॉक्सवाल्याकडे जातंच.

मुक्त पुस्तकाची छापील किंमत १०० ठेवा. दुकानाचे २५, उत्पादन ४५, उरतात ३० (लेखकाचं मानधन यात नाही, ते पुढे येतं). स्पायरलपेक्षा स्वस्त आणि टिकाऊ. आता नवी पेठेतल्या दुसऱ्या कुणी तेच पुस्तक छापायचं ठरवलं तर त्याला शंभराच्या खाली उतरावं लागेल. नव्वदला विकलं तर दुकानाचे साडेबावीस, उत्पादन ४५, हाती साडेबावीस. ३०० प्रती खपल्या तर ६,७५०, तेही हजार छापून उरलेल्या सातशे गोडाऊनमध्ये ठेवल्यावर. नक्कल करण्याचा मोह किमतीतल्या फुगवट्यामुळे होतो. फुगवटाच नसेल तर कोण धावेल? शिवाय तिथी-नक्षत्रांवर कुणाचा मालकीहक्क नाही, तरी सोलापूरचं दाते पंचांग लोक नाव बघूनच घेतात.

मग खरं काय? खरं हे, की छापील विक्रीतून पहिली प्रत फिटत नाही. पहिली प्रत म्हणजे छपाईच्या आधीचा सगळा खर्च: लेखन ८० हजार, संपादन आणि विषयतज्ज्ञांची तपासणी ५०, आकृत्या ४०, टाइपसेटिंग ३५, प्रुफं २५, कव्हर-परवानग्या-किरकोळ २०, एकूण अडीच लाख. वर्षाला १,२०० विद्यार्थी आणि निम्म्यांनी छापील प्रत घेतली तर ६०० गुणिले ३० म्हणजे १८ हजार. अडीच लाख फिटायला चौदा वर्षं लागतील, आणि अभ्यासक्रम त्याच्या कितीतरी आधी बदलेल. ‘आधी काढू, विक्रीतून निघेल’ म्हणून मुक्त पुस्तक काढणारा बुडतो, यात मजकूर बरोबर आहे.

म्हणून पहिल्या प्रतीचे पैसे आधी उभे करायचे, आणि ज्यांना पुस्तक हवंय त्यांच्याकडून. दहा महाविद्यालयांनी प्रत्येकी २५ हजार दिले की अडीच लाख झाले. तीन वर्षांचा हिशेब: दरवर्षी १,२०० विद्यार्थ्यांनी १८० चं पुस्तक घेतलं तर ६,४८,०००. मुक्त मार्गाने अडीच लाख अधिक छापील प्रतींचे १,८०,०००, म्हणजे ४,३०,०००; उरलेल्या निम्म्यांकडे पीडीएफ आहेच. सोलापूर विद्यापीठ (स्थापना २००४) एकाच जिल्ह्याचं आहे, त्यामुळे इथल्या अभ्यासक्रमाचं पुस्तक बाहेर फारसं खपत नाही. मजकूर म्हणतो, ‘म्हणून इथे चालणार नाही.’ आमच्या मते म्हणूनच इथे चालेल, कारण गिऱ्हाईक कोण आणि किती हे आधीच माहीत असतं.

अकरावं महाविद्यालय पैसे न देता वापरेल का? वापरेल. दहांना त्याबदल्यात आणखी काहीतरी मिळालं पाहिजे: प्रकरणांच्या निवडीत मत, जूनआधी छापील प्रती उत्पादनखर्चात, आणि प्रश्नपेढी. पैसे हप्त्याने घ्या: ४० टक्के सुरुवातीला, ३० कच्च्या मसुद्यावर, ३० अंतिम फाइलवर. नुसत्या ‘आम्ही आहोत’ या पत्रावर लेखकाला काम सांगू नका.

घाबरून परवान्याला ‘एनसी’ (व्यापारी वापराला मनाई) अट लावण्याचा सल्ला मिळतो. ती लावली की बार्शीचा किंवा पंढरपूरचा विक्रेता स्वतःच्या हिमतीवर छापून नफ्याने विकू शकत नाही. गावोगाव पोचवण्याचा भार परत तुमच्यावर. शिवाय विकिपीडियाचा मजकूर बाय-एसए असतो, तो एनसी पुस्तकात मिसळता येत नाही. (शाळेने दुकानाकडून प्रती काढून घेणं एनसीत बसतं, असा निकाल अमेरिकेत ग्रेट माइंड्स विरुद्ध फेडएक्स प्रकरणात २०१८ साली लागला, पण तो झेरॉक्सपुरता.) बहुतेक पाठ्यपुस्तकांना बाय-एसए पुरतो: छापणाऱ्याने सुधारणा केली तर तीही मुक्तच ठेवावी लागते.

‘अमेरिकेत फसलंय’

फसलं ते फ्लॅट वर्ल्ड नॉलेज. २००७ साली सुरू झालेल्या या कंपनीने पुस्तकं ऑनलाइन फुकट ठेवली आणि छापील प्रती व पूरक साहित्यावर कमाईचा डाव मांडला. २०१३ च्या जानेवारीपासून फुकट वाचन बंद केलं. वरचंच गणित: पहिल्या प्रतीचा खर्च विक्रीतून काढायला गेले. मजकूर इथेच थांबतो. राइस विद्यापीठाचं ओपनस्टॅक्स २०१२ पासून चालू आहे. सुरुवातीची बहुतेक पुस्तकं बाय परवान्याने, पहिल्या प्रतीचा खर्च देणगीदार संस्थांकडून, वर छापील विक्री आणि गृहपाठाची सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांकडून येणारं शुल्क. दक्षिण आफ्रिकेतल्या सियावुलाची गणित-विज्ञानाची पुस्तकं सरकारनेच छापून वाटली. कंपनीची कमाई सरावाच्या ऑनलाइन सेवेतून. आपल्याकडे गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंचांवर पैसे मोजणारा विद्यार्थी आहेच. पुस्तक मुक्त ठेवून सरावसंच विकायला कुणी अडवलेलं नाही.

‘फुकट म्हणजे दर्जा नाही’

दर्जा येतो तो तपासणीच्या ५० हजारांतून, किमतीतून नाही. ते वाचवले की मुक्त पुस्तकही रद्दी होतं आणि १८० रुपयांचंही. मुक्त पुस्तकाची एक सोय अशी, की चूक सापडल्यावर पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही. मलपृष्ठावर क्यूआर कोड छापा (पुस्तकांत तो आणण्याचं काम याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केलं), तो शुद्धिपत्राच्या पानावर जाऊ द्या, आणि दुरुस्त्या सत्राच्या मधे न करता मे आणि नोव्हेंबरात एकदम करा. प्रत्येक वेळी आवृत्ती क्रमांक बदला: १.०, १.१. क्रमांक न बदलता पीडीएफ दुरुस्त केली, की मोबाइलवरचं आणि छापील प्रतीतलं त्याच उदाहरणाचं उत्तर वेगळं येतं आणि कुठलं बरोबर हे वर्गात कुणालाच सांगता येत नाही.