मिशीवालं वांगं

महागड्या फ्युजन रेस्टॉरंटमध्ये जायचं तर पोट आणि पाकीट मजबूत हवं, असं लोक म्हणतात. माझं म्हणणं, आधी कान मजबूत हवेत. तिथलं अन्न कुणी समजावून सांगितल्याशिवाय कळत नाही आणि तिथे कुणी समजावून सांगितलेलं ऐकू येत नाही. बाकीचे हाल या एका पेचातून निघतात.

मित्राला बढती मिळाली म्हणून आम्ही दोन जोडपी अशा एका ठिकाणी गेलो. आत पाऊल टाकलं आणि छातीत धडधडायला लागलं. घाबरून नव्हे, स्पीकर माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे होता. एतिएन लोंबार नावाच्या कान-नाक-घशाच्या एका फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली लिहून ठेवलंय की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो आणि गोंगाट थांबला की आपोआप खाली आणतो. यातल्या दुसऱ्या भागाची प्रचिती घ्यायची सोय त्या हॉटेलात नव्हती. शेजारचं टेबल आमच्यावर आवाज चढवायचं, आम्ही त्यांच्यावर, आणि कोपऱ्यात गाणी लावणारा पोरगा आम्हा सगळ्यांवर. 'जरा पाणी सरकव' एवढं बायकोला सांगायला मला दोन्ही हातांचा कर्णा करावा लागत होता. ती नेमकं लोणी सरकवायची.

मेनू काळ्या कागदावर राखाडी अक्षरांत छापलेला. चार मोबाइलचे टॉर्च लावले तेव्हा काही ओळी उजेडात आल्या. पदार्थांना नावं नव्हती, मालाची यादी होती, आणि प्रत्येक शब्दापुढे पूर्णविराम. 'वांगं. मिसो. तीळ. राख.' मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं जपानी वाटण, पण राख कसली, कुणाची, काही खुलासा नाही. उजवीकडे नुसतेच आकडे. चलनाचं चिन्ह नाही की काही नाही.

"या कॅलरी आहेत का रे?" मित्राने विचारलं.

"कॅलरी असत्या तर किती बरं झालं असतं," बायको म्हणाली. ती हे ओरडून म्हणाली, त्यामुळे त्यातला उपरोध सांडून गेला.

चिन्ह गाळण्यामागे साधेपणा वगैरे काही नसतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००९ साली एका रेस्टॉरंटमध्ये हे तपासून पाहिलं होतं. डॉलर हा शब्द किंवा त्याचं चिन्ह न छापता नुसता आकडा छापला, तेव्हा गिऱ्हाइकांनी जास्त पैसे खर्च केले. पैसे म्हटलं की माणूस सावध होतो. नुसत्या आकड्याला कोण भितो?

मग वेटर आला आणि टेबलाशी चक्क गुडघ्यावर बसला. इतक्या अदबीची सवय नसल्याने आम्हीच अवघडून अर्धवट उठलो. "सर, पहिल्यांदाच आलात?" एवढं ऐकू आलं. पुढचं सगळं नुसतं ओठांवर दिसलं. बोटं एकमेकांत गुंफून, मग हळूच सोडवून त्याने काहीतरी सखोल समजावलं. आम्ही माना डोलावल्या. त्याने लिहून घेतलं. आणखी काही विचारलं. पुन्हा डोलावल्या. पुन्हा लिहिलं.

"काय म्हणाला?" वहिनींनी विचारलं.

"वांग्यात मिशी आहे म्हणे," मित्र म्हणाला.

"मिसो असेल हो!"

"तेच म्हणतोय मी. मग सांगा ना त्याला, काढून दे म्हणावं."

वांगं आलं. चौघांत तीन तुकडे. हा हिशेब कोण करतं, हे मला एकदा त्या स्वयंपाकघरात जाऊन विचारायचंय. दोन आणले तर अर्धे अर्धे करता येतात, चार आणले तर प्रश्नच मिटतो. तीन आणले की संसार उघडे पडतात. 'तुम्ही घ्या', 'नको, तुम्ही घ्या' हे सौजन्य बेंबीच्या देठापासून ओरडून करावं लागलं, तेव्हा पलीकडच्या टेबलावरच्या बाई भांडण समजून वळून पाहायला लागल्या.

वांगं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या चवीचं श्रेय थोडं त्या स्पीकरलाही जातं. कॉर्नेलच्याच दुसऱ्या काही संशोधकांनी २०१५ साली लोकांच्या कानांवर विमानातल्यासारखा, साधारण ८० ते ८५ डेसिबलचा आवाज सोडून त्यांना चवी ओळखायला लावल्या. गोड चव फिकी पडली आणि उमामी, म्हणजे रश्शाला असते तशी भरीव चव, उठून दिसली. मिसोत उमामी ठासून भरलेली. म्हणजे त्या कल्लोळात तगून राहील अशी चव मिसोचीच. पुढे आलेलं गोड मात्र आम्हाला गोड आहे की नाही, यावर मतदान घ्यावं लागलं.

मधे एक बशी आली, परातीएवढी, आणि तिच्या एका कडेला हिरवे मणी. अल्जिनेट, म्हणजे समुद्री शेवाळातून मिळणारी पूड, घातलेला रस कॅल्शियमच्या पाण्यात थेंब थेंब सोडला की त्यावर पातळ साल धरते आणि आत रस तसाच राहतो. स्पेनमधल्या एल बुली या रेस्टॉरंटने हा खेळ जगभर पोचवला. ते २०११ साली बंद झालं, मणी मात्र मागे राहिले. त्यातला एक मी काट्याने टोचायला गेलो. तो सटकला, बशीच्या काठावरून अर्धी फेरी मारून आला आणि सॉसच्या एका ठिपक्याशी थबकला. चमचा कुणी दिला नव्हता. शेवटी इकडेतिकडे बघून बोटाने उचलला. दाताखाली फट् झालं, काहीतरी आंबट जिभेवर पसरलं आणि ते काय असावं हे ठरेपर्यंत संपलंसुद्धा.

फ्युजन म्हणजे देशोदेशींच्या चवींची सरमिसळ, आणि मला तिचं वावडं नाही. तेंपुरा या आपल्या भज्यांची तळणी जपान्यांनी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडून उचलली. १८९९ पासून पेरूत मजुरीला गेलेल्या जपान्यांनी तिथल्या मासळीला, मिरचीला आणि लिंबाला आपल्या हातचं वळण दिलं. रॉय चोई या शेफने २००८ साली लॉस एंजेलिसमध्ये गाडीवरून कोरियन पद्धतीचं मांस भरलेले टाको, म्हणजे दुमडलेल्या मेक्सिकन पोळ्या, विकायला काढले, तर त्यापुढे रांगा लागल्या. गाडीवरचा टाको गिऱ्हाईक उभ्या उभ्या खातं, बोटं चाटतं आणि आणखी एक मागतं. त्यासाठी कुणाला गुडघ्यावर बसावं लागत नाही.

शेवटून दुसरा प्रकार म्हणजे काचेचा घुमट. वेटरने तो नाट्यमयरीत्या उचलला, आतून धूर निघाला, आम्ही टाळ्या वाजवल्या, वहिनींनी व्हिडिओ काढला. धूर विरला. खाली लाकडाची फळी होती आणि फळीवर एक पान. वेटर हसून गेला. पुढचं काही येईल म्हणून आम्ही वाट पाहिली, तर गोड आलं.

बिल मात्र पांढऱ्याशुभ्र कागदावर, ठळक काळ्या अक्षरांत, चिन्हासकट. सोबत वाचायला छोटा दिवासुद्धा. मित्राने एका ओळीवर बोट ठेवलं. "हे आपण कधी खाल्लं?"

चौघांनी मिळून बशा आठवल्या. वांगं लागलं, मणी लागले, गोड लागलं. ती ओळ कशालाच लागेना, आणि यादीतला सगळ्यात मोठा आकडा तिच्यापुढे होता.

"धूर असेल," बायको म्हणाली.

"पान खायचं होतं का?" वहिनी एकदम म्हणाल्या.

वेटरला बोलावलं. तो पुन्हा गुडघ्यावर बसला. बोटं गुंफून, सोडवून त्याने आम्हाला ती ओळ अगदी मनापासून, सविस्तर समजावून सांगितली. आम्ही माना डोलावल्या आणि कार्ड पुढे केलं.