‘आजोबांना एसी लागत नव्हता’

मे लागला की तो मेसेज फिरायला लागतो : ‘आपले आजोबा ४५ डिग्रीत माठ आणि कूलरवर जगले. अंगाला उन्हाची सवय होती, खिशात कांदा होता. आजची पिढीच नाजूक.’ मी नागपूरची. हे वाचून घरातली म्हातारी माणसं भर दुपारी कूलर बंद करून बसलेली पाहिली, म्हणून लिहितेय.

सवय होते, खरंय. आठवडा-दोन आठवडे रोज उन्हात काम केलं की घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. पण काही आठवडे सावलीत काढले की ती सवय उतरते. शिवाय वय वाढलं की घाम कमी येतो, तहान उशिरा कळते. ‘तुम्हाला तर सवय आहे’ असं ज्यांना म्हणतो, त्यांनाच धोका जास्त.

आजोबा जगले, पण कसे? माझे आजोबा पहाटेच वावरात जायचे, अकराच्या आत घरी. डोक्याला दुपट्टा, कान झाकलेले. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, सारवलेली जमीन. दुपारी दार लोटून तिथेच आडवं व्हायचं. त्या वेळी कुणाच्या घरी जाणंही बरं दिसत नसे. रात्री अंगणात खाटा. आज डिलिव्हरीच्या पोराला दुपारी दोनची ऑर्डर टाळता येत नाही, टिनाच्या खोलीतल्या बाईला अंगण नाही. त्यांना नाजूक म्हणवतं तरी कसं?

आणि तेव्हाही माणसं दगावत होती. ‘ऊन लागून गेला’ हे आपण उगाच बोलत नाही.

माठ-कूलर सगळीकडे पुरतात का, हे तर आपली भाषाच सांगते. आम्ही म्हणतो, ‘ऊन तापून राहिलं’. मुंबईची मावशी म्हणते, ‘उकडतंय गं’. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता ओढून नेतं. कूलरच्या नव्या ताट्यांवर पहिलं पाणी पडलं की वाळ्याचा वास सुटतो आणि थोड्याच वेळात खोली गार होते. दमट हवेत पाणी उडायलाच तयार नसतं. तोच कूलर मुंबईत अंग चिकट करतो, आणि जुलैत आमच्याकडेही.

खिशातल्या कांद्याने अंगाचा ताप उतरत नाही. त्याच्या भरवशावर बाहेर पडू नका.

मेसेजच्या बाजूने एक मान्य. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली, शिमल्यातल्या ऑफिसांची पाहणी केली. उघड्या खिडक्या आणि पंख्याखाली बसणाऱ्यांना परदेशी मानकांपेक्षा जास्त तापमानही सुखाचं वाटत होतं. तेव्हा एसी १८ वर लावायची गरज नाही, हे कबूल. पण ती माणसं सावलीत, पंख्याखाली होती.

घरातलं कुणी उन्हातून आल्यावर बरळायला लागलं, अंग भाजत असलं, तर ‘सवय आहे, बसेल थोडं’ म्हणत थांबू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत अंग ओलं करून वारा घालत राहा.